शेतावर राहायचे कोणी?

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत पंगतीत पोळीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगते, "आमचा घरचा गहू आहे." या घरच्या गव्हाचे शेत देपालपूर, सांवेर, महू किंवा हातोदकडे कुठेतरी असते, त्याचे बिघे सर्वांना तोंडपाठ असतात, आणि त्या शेतात यंदा काय पेरले आहे असे विचारले तर बहुतेकांना बटाईदाराला, म्हणजे पिकाच्या वाट्यावर जमीन कसणाऱ्याला, फोन करावा लागतो. आमचे घर याला बरीच वर्षे अपवाद नव्हते. हातोदच्या पुढे, गंभीर नदीपासून फार लांब नाही अशा ठिकाणी आमची चाळीस बिघे जमीन आहे (आमच्याकडे साधारण चार बिघ्यांचा एक हेक्टर धरतात), आणि गेल्या शंभराहून अधिक वर्षांत त्या जमिनीत कोणती पिके आली आणि कोणती गेली हे आठवू लागले की माझ्यासमोर पिकांऐवजी घरातली माणसे उभी राहतात. प्रत्येक पिकाने कोणाला तरी शेतावर नेले किंवा शेतातून मोकळे केले. पीक बदलण्याची कारणे आपण भाव, पाणी आणि कीड यांत शोधतो, आणि ती खोटी नसतात. परंतु त्या पिकाकडे रोज कोणी बघायचे, या प्रश्नाचा निकाल बहुधा त्यांच्याही आधी लागलेला असतो.

आमचे पूर्वज होळकरांच्या दफ्तरात कारकून होते आणि चाकरीबद्दल मिळालेली जमीन त्यांनी स्वतः कधी कसली नाही. पणजोबांपर्यंत घरचे कोणी शेतावर मुक्कामाला राहत नसे. सालाने ठेवलेला गडी, ज्याला माळव्यात हाळी म्हणतात, त्याचे कुटुंब आणि बटाईने कसणारी दोन-तीन घरे हे सगळे बघत, आणि पणजोबा सुगीला बैलगाडीने जाऊन धान्याची रास मोजून घेत. त्या काळी विहिरीजवळच्या पट्ट्यात अफू होत असे, असे घरात सांगत आले आहेत. त्यात नवल काही नाही, कारण माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि इंदूर-उज्जैनच्या कितीतरी पेढ्या तिच्यावर उभ्या होत्या. बोंडाला दुपारी चिरा द्यायच्या आणि पाझरून घट्ट झालेला चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घ्यायचा, असे हे काम एकेका बोंडाशी बसून करावे लागते. ते करणारे हात आमचे नव्हते, म्हणून त्याच्या कष्टाची एकही गोष्ट आमच्या घरात शिल्लक नाही, फक्त पैशाच्या गोष्टी आहेत. १९०७ साली चीनला जाणारी अफू दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले आणि पणजोबांच्या डोळ्यांदेखत ते पीक गेले. आता परवान्याची अफू मंदसौर, नीमच, रतलामकडे उरली आहे.

तिची जागा घ्यायला कापूस होताच. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या काळात संस्थानाने इंदुरात कापडगिरणी काढली होती, पुढे मालवा मिल आणि हुकुमचंद मिल उभ्या राहिल्या, आणि शहरात भोंगा वाजत असताना आसपासच्या काळ्या मातीत कापूस पेरला जाणे ओघानेच आले. याच कापसाच्या निमित्ताने १९२४ साली ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. कापसावर संशोधन करायला आलेल्या या माणसाचे नाव जगात झाले ते मात्र खतामुळे. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर तीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात रचायचे, ठरलेल्या वेळी तीनदा पालटायचे आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार करायचे, ही 'इंदूर पद्धत' त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली. आजोबा तरुणपणी तिथे जाऊन आले होते आणि त्यांच्या बोलण्यात खताच्या शास्त्रापेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येई. कापसाच्या पऱ्हाट्या कुजायला फार चिवट असतात, म्हणून संस्थेत त्या गाडीवाटेवर अंथरीत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई आणि मग तो खड्ड्यात जाई. रस्त्यालासुद्धा कामाला लावणारा साहेब, असे आजोबा त्यांना म्हणत.

येथे माळव्याच्या जमिनीविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि पावसाळ्यात तिच्यात पाय घातला की गुडघाभर चिखल घेऊनच वर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस वाफसा मिळत नाही, तण काढता येत नाही. उलट हीच माती पावसाचे पाणी पोटात इतके धरून ठेवते की दिवाळीच्या सुमारास पेरलेला गहू आणि हरभरा पूर्वी एकही पाणी न देता त्या ओलीवर येत असे. त्यामुळे जुन्या काळी पुष्कळ शेतकरी खरिपात जमीन मोकळीच ठेवीत, नांगर-वखर करून पाऊस तिच्यात मुरू देत आणि सगळी आशा रब्बीवर ठेवीत. 'पग-पग रोटी, डग-डग नीर' ही माळव्याची ख्याती त्या मोकळ्या ठेवलेल्या जमिनीच्या जिवावर होती. आजच्या हिशेबाने अर्धे वर्ष रिकामी ठेवलेली जमीन म्हणजे शुद्ध तोटा. पण ती रिकामी नव्हती, पाणी साठवीत होती.

आजोबांना शेतावर नेले ते कोणत्याही पिकाने नेले नाही, कायद्याने नेले. १९४८ साली मध्य भारत झाला, १९५१ साली जमीनदारी आणि जहागिरी रद्द करण्याचे कायदे झाले, आणि मालकाकडे राहणार होती ती मुख्यतः खुदकाश्त, म्हणजे त्याने स्वतः कसलेली जमीन. कसणाऱ्यांकडे बरीच जमीन गेली, आणि ती जायलाच हवी होती, असे माझे मत आहे. घरातल्या मागच्या पिढीसमोर मात्र मी ते कधी मोठ्याने बोलले नाही. उरलेली जमीन आपली आहे हे दाखवायचे तर आपण ती कसतो हे दिसणे भाग होते. आजोबांनी इंदूरच्या वाड्यातले बिऱ्हाड हलवले आणि शेतावर दोन खोल्या आणि गोठा बांधला. शहरातून आलेला, हातात छत्री धरून वाफ्यांतून चालणारा हा कारकुनी वळणाचा माणूस गावाच्या चेष्टेचा विषय झाला होता, हे त्यांनीच आम्हांला सांगितले आहे.

पुढची पंचवीस वर्षे आमच्या शेतात जितकी पिके होती तितकी त्यानंतर कधी झाली नाहीत. खरिपात ज्वारी आणि तिच्या ओळींमध्ये तूर, एका तुकड्यात कापूस, एका तुकड्यात भुईमूग, थोडे मूग-उडीद, बांधावर अंबाडी आणि तीळ. रब्बीत कठिया (कडक दाण्याचा) गहू, हरभरा, अळशी, विहिरीखाली लसूण, मेथी, धने आणि घरापुरता कांदा. हे सगळे कोणत्याही योजनेने ठरलेले नव्हते. ज्वारीचा दाणा माणसांना आणि कडबा बैलांना, बैल नांगराला आणि चडसाला म्हणजे मोटेला, शेण खड्ड्याला, भुईमुगाचे तेल घरच्या डब्यात आणि कापूस रोख पैशासाठी, अशी ती एकमेकांत अडकलेली व्यवस्था होती आणि तिला चोवीस तास माणूस लागत असे. ज्वारी हुरड्यावर आली की पाखरे राखायला माळ्यावर कोणीतरी बसलेच पाहिजे. माझे वडील आणि काका शाळेतून आले की गोफण घेऊन तिथे चढत. आजीकडे बियाण्याचे खाते होते: तुरीला राख चोळून मडक्यात भरायची, हरभऱ्यात कडुनिंबाचा पाला घालायचा, ज्वारीची निवडक कणसे तुळईला टांगायची, आणि पेरणीच्या आदल्या दिवशी कोणते बियाणे किती बाहेर काढायचे हे तीच सांगायची. तिचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते. याला आज शाश्वत शेती वगैरे म्हणून हळवे होणारे लोक मी ऐकते, तेव्हा मला आजीची बोटे आठवतात. संधिवाताने वाकलेली ती बोटे बघून माझ्या आईने ठरवले होते की आपण शेतावर राहायचे नाही.

आईला तसे ठरवता आले याचे कारण सोयाबीन.

सोयाबीन माळव्याला अगदीच अनोळखी होते असे नाही. काळ्या दाण्याचे 'कालीतुर' नावाचे गावठी वाण थोडेफार पेरले जाई. पिवळे सोयाबीन साठीच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरीत जबलपूरच्या कृषी विद्यापीठाच्या आणि अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयत्नांतून मध्य प्रदेशात आले. १९७०च्या सुमारास साऱ्या देशात ते जेमतेम तीस हजार हेक्टरांवर होते. चाळीस वर्षांत त्याने एक कोटी हेक्टर ओलांडले, आणि त्यातला मोठा वाटा मध्य प्रदेशाचा, विशेषतः माळव्याचा. ते इतके का पसरले याचे उत्तर त्या मोकळ्या सोडलेल्या खरिपात आहे. जूनच्या शेवटी पेरावे, शंभरेक दिवसांत काढावे आणि त्याच जमिनीत दिवाळीला गहू-हरभरा पेरावा, असे रब्बीला धक्का न लावणारे पीक या जमिनीला आजवर मिळालेच नव्हते. वर ते द्विदल, म्हणजे मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे. दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि अठरा-वीस टक्के तेल. तेल देशात विकले जाई आणि उरलेली पेंड, जिला इथल्या बाजारात सगळे डीओसी म्हणतात, परदेशात जाई. इंदूर त्या व्यापाराचे केंद्र झाले. सोयाबीन प्रक्रिया उद्योजकांची संघटना 'सोपा' १९७९ साली इथेच स्थापन झाली आणि राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र १९८७ साली इथेच आले. त्या केंद्राने आपल्या वाणांना 'अहिल्या' हे नाव दिले, याचे आमच्या घरात कोण कौतुक झाले होते.

आमच्याकडे पहिले सोयाबीन थोरल्या काकांनी एका कोपऱ्यात घातले. तिसऱ्या वर्षी ज्वारीचा तुकडा त्यात गेला, मग भुईमुगाचा, मग कापसाचा. हे कोणी बसून ठरवले नाही. सोयाबीनला पाखरे राखावी लागत नाहीत, वेचणीला बायका शोधाव्या लागत नाहीत, शेंगा जमिनीतून उपटाव्या लागत नाहीत. पेरणी ट्रॅक्टरने, तण औषधाने, कापणीला झाबुआ-अलिराजपूरकडून मजुरांच्या टोळ्या आणि मळणीला यंत्र. माल छावणीच्या मंडीत नेला की दुपारपर्यंत हातात पैसे. परंतु ज्वारी गेल्यावर कडबा गेला, कडबा नसल्यावर बैल आणि गाई पोसणे परवडेना, जनावरे विकल्यावर शेण उरले नाही, आणि आजोबांनी एवढ्या हौसेने खणलेला खताचा खड्डा एका उन्हाळ्यात ट्रॅक्टर फिरायला अडचण होते म्हणून बुजवण्यात आला. गव्हालाही तोवर कूपनलिकेचे पाणी मिळू लागले होते आणि चैत्रात पंजाबचे हार्वेस्टर येऊन दोन दिवसांत शेत मोकळे करून जात. शेतावर बारा महिने माणूस असण्याचे कारणच संपले होते. वडील बँकेत लागले, धाकटे काका पुण्याला गेले, थोरल्या काकांनीही मुलांच्या शाळेसाठी लोकमान्य नगरात घर घेतले, आणि शेत बटाईने आणि नंतर नुसत्या वार्षिक मुनाफ्याने, म्हणजे रोख खंडाने, दिले गेले. पणजोबांसारखेच आम्ही पुन्हा वर्षातून काही वेळा जाणारे झालो, फक्त बैलगाडीच्या जागी स्कूटर आली.

सोयाबीनला दूषणे देण्याची आता पद्धत पडली आहे आणि मला ती कृतघ्नपणाची वाटते. माझे शिक्षण, चुलत बहिणींची लग्ने, लोकमान्य नगरातल्या घराचा दुसरा मजला, हे सगळे त्या पिकाने केले. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली तेव्हा शहरात ज्या घरांना झळ पोचली त्यांचे हाल आम्ही शेजारी बघितले. आमच्या घरी त्या वर्षी सोयाबीनचा पैसा आला होता. त्याचा दोष असलाच तर एवढाच की त्याने आम्हांला शेताशिवाय जगता येईल इतके निश्चिंत केले, आणि जमीन आपल्याला काय सांगते आहे हे ऐकणारा कोणी तिथे उरला नाही. एकरी उतारा वाढेना. देशाची सरासरी वर्षानुवर्षे हेक्टरी दहा-बारा क्विंटलांच्या आसपास घोटाळत राहिली. चक्रभृंग, हिरव्या अळ्या, पांढऱ्या माशीने पसरणारा पिवळा मोझॅक, यांचे फेरे वाढले. कूपनलिका खोल गेल्या. ज्याला वर्षाच्या मुनाफ्याने जमीन मिळाली आहे तो तिच्यात शेणखत का घालील? पुढच्या वर्षी जमीन त्याच्याकडे असेल याची हमी आम्ही तरी कुठे दिली होती?

थोरल्या काकांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, शहरातली नोकरी सोडून शेतावर राहायला गेला त्याला आता वीसेक वर्षे होत आली. त्यामागे ध्येयवाद वगैरे काही नव्हता. नोकरी डळमळीत होती आणि बटाटा चालू लागला होता, एवढेच. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली चिप्ससाठीची 'कुफरी चिप्सोना' वाणे काढली, कारखान्यांना असा बटाटा हवा होता, आणि इंदूरच्या हवेत तो चांगला येतो हे सिद्ध झाले होते. याचे कारण आमच्याकडच्या थंडीत आहे. रात्री फार गारठल्या की बटाट्यातल्या पिठाची साखर होते आणि तळल्यावर काप तपकिरी पडतो. पंजाब-उत्तर प्रदेशापेक्षा आमच्या रात्री सौम्य, म्हणून आमचा काप गोरा राहतो. खरेदीच्या वेळी हे डोळ्यांसमोर तपासतात, आणि मला तो प्रकार बघायला फार आवडतो. ट्रॉलीतले कुठलेही काही बटाटे उचलतात, कागदासारखे पातळ काप काढतात, पाण्यातून निथळून तेलात सोडतात आणि तळून निघालेले काप पांढऱ्या ताटलीत मांडून त्यांचा रंग बघतात. एका कडेला तांबूस कड दिसली तरी दादाच्या कपाळावर आठी येते. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल त्या मूठभर कापांवर असतो. नापास झालेली ट्रॉली मग चोइथराम मंडीत जाते, तिथे मोठा माल वेगळा, त्याखालचा गुल्ला वेगळा आणि गोट्यांएवढी छर्री वेगळी, आणि भाव त्या दिवशीच्या आवकेवर.

बटाटा ऑक्टोबरात लावायचा तर सोयाबीन सप्टेंबरातच निघाले पाहिजे. त्यासाठी माळव्यात जेएस ९५-६० हे लवकर येणारे वाण घरोघर झाले होते, साधारण ८५ दिवसांचे. आधी सोयाबीन, मग बटाटा, मग उशिराचा गहू किंवा कांदा, अशी तीन पिकांची साखळी त्या एका वाणाच्या खुंटीला टांगलेली होती. २०२०च्या ऑगस्टमध्ये हिरवीगार दिसणारी शेते आठ-दहा दिवसांत पिवळी पडून वाळली. पिवळा मोझॅक, खोडमाशी आणि करपा यांनी एकत्रच गाठले, आणि सर्वांत जास्त मार याच वाणाला बसला. ज्याला आपण विविधता समजत होतो तिच्या मुळाशी एकच वाण होते, हे त्या वर्षी समजले. दुसऱ्या वर्षी बाजाराने उलटी थट्टा केली: २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले, तेव्हा विकायला कोणाकडे काही नव्हते. आणि २०२४ साली हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर असताना मंडीत चार हजारांच्या आसपास बोली लागत होती आणि शेतकरी सहा हजारांची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले होते.

शेतातली खरी विविधता मात्र दादाने आणली नाही. ती वहिनींनी आणली. दादाचा जीव बटाट्यात आणि त्याच्या खात्यावर जमा होणाऱ्या एकरकमी पैशात. वहिनींनी सुरुवात केली ती लसणापासून, कारण लसणाला पाणी कमी-जास्त झालेले चालत नाही आणि दादाचे तिकडे लक्ष नसे. लसणाची लावणी बघितल्याशिवाय कळत नाही. आदल्या रात्री गड्डे फोडून कळ्या सुट्या करायच्या, त्याही हलक्या हाताने, बुडाची चकती दुखावू न देता. मोठ्या कळ्या बेण्याला, बारीक घरात. दुसऱ्या दिवशी ओळीत बसून एकेक कळी, शेंडा वर आणि बूड खाली, दोन बोटांनी मातीत दाबत जायचे. गावातल्या आठ-दहा बायका आणि वहिनी रात्री ओसरीवर गड्डे फोडायला बसल्या की मध्यरात्रीपर्यंत अंगणभर लसणाची पांढरी फोलपटे उडत असतात आणि सर्वांच्या बोटांची आग होत असते. त्या आगीवर खोबरेल चोळतच गप्पा चालतात, आणि कोणत्या शेतात पाणी आटले, कोणाचा बोअर बंद पडला, कोणता व्यापारी पैसे थकवतो, ही माहिती तिथे मिळते तेवढी कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. त्या बैठकीतूनच वहिनींनी डॉलर चना लावायचे ठरवले. मोठ्या दाण्याच्या या काबुली हरभऱ्याला बटाट्याच्या निम्मेसुद्धा पाणी लागत नाही. तिथूनच बांधावर तूर परत आली आणि खरिपातल्या दहा बिघ्यांत सोयाबीनऐवजी मका आला. दोन म्हशी आल्या, म्हणून चाऱ्यापुरती ज्वारी आली. कठिया गहूही आता पुसा तेजससारख्या नव्या वाणांत परत आला आहे. बाफल्याला, म्हणजे उकडून भाजलेल्या बाटीला, तोच हवा असा वहिनींचा आग्रह, आणि रव्या-शेवयांसाठी त्याला गिऱ्हाईकही आहे.

पाण्यासाठी शेताच्या उताराला तळे खणले तेही त्यांच्याच हट्टाने. शेजारच्या देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी अशी हजारो तळी खणली होती आणि ज्या जिल्ह्याला एके काळी रेल्वेने पाणी पुरवावे लागले तिथे रब्बी उभी राहिली होती. अर्धा बिघा जमीन पाण्याखाली जाणार म्हणून पुण्याच्या काकांनी फोनवर बराच विरोध केला. त्या अर्ध्या बिघ्याने उरलेल्या शेताला डिसेंबरनंतरची दोन पाणी मिळतात.

या सगळ्याने घर सुरक्षित झाले, असे मी म्हणणार नाही. २०१७ साली कांद्याचे ढीग लागले, सरकारने आठ रुपये किलोने खरेदी केली आणि खरेदी केंद्रांवर तो कुजला. आमचाही त्यात होता. २०२२ साली लसणाला काढणीचा खर्च निघेना आणि माळव्यात लोकांनी तो नदी-नाल्यांत टाकला. वहिनींनी टाकला नाही, माळवदावर टांगून ठेवला आणि अर्ध्याहून जास्त वाळून पोकळ झाला. पुढच्याच वर्षी लसणाचे भाव आकाशाला भिडले. अधिक पिके घेतल्याने तोटा टळतो, हे अर्धेच खरे आहे. दर वर्षी कोणते तरी एक पीक बुडतेच, आणि बुडणाऱ्या पिकाचा ताण निभावून नेणारे माणूस तिथे असेल तरच बाकीची पिके वाचतात. शेतकऱ्यांनी सोयाबीन सोडून इतर पिकांकडे वळावे असे शिबिरांत सांगतात, तेव्हा बियाणे, अनुदान, बाजारपेठ या सर्वांवर तक्ते दाखवतात. सात पिकांची पाणीपाळी, फवारणी, काढणी आणि विक्री यांच्या सात वेगवेगळ्या तारखा डोक्यात ठेवणारी व्यक्ती कुठून आणायची, याचा तक्ता मी अजून पाहिलेला नाही. आमच्या शेतापुरती ती व्यक्ती म्हणजे वहिनी. दादाचे गुडघे गेल्या काही वर्षांपासून साथ देत नाहीत. तो ओसरीवरून फोन करतो, मंडीचे भाव विचारतो, आणि बाकी सर्व त्या करतात.

आणि जमीन कागदोपत्री अजून सामाईक आहे. वडिलांच्या मागे माझे आणि भावाचे नाव लागले, थोरल्या काकांच्या मागे दादाचे आणि त्याच्या बहिणींचे, पुण्याचे काका आहेतच. मी शेतावर सलग चार दिवस राहिलेली नाही, तरी खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, माझे नाव आहे. वहिनींचे कुठेही नाही. त्यामुळे किसान क्रेडिट कार्डाचे नूतनीकरण असो की गव्हाच्या सरकारी खरेदीची नोंदणी, त्यांना दर वेळी आमच्यापैकी कोणाची तरी सही, नाहीतर संमतिपत्र मागत फिरावे लागते. इंदूरचा सुपर कॉरिडॉर हा मोठा रस्ता झाल्यापासून हातोदकडच्या जमिनींचे भाव असे काही वाढले आहेत की पीक कोणते घ्यावे यापेक्षा कॉलनी कोण कापतो आहे, म्हणजे प्लॉट कोण पाडतो आहे, याच्याच चर्चा गावात अधिक चालतात. सोयाबीन-गव्हाची जमीन विकून टाकायला कोणाचे काही अडत नाही. वहिनींची अडचण वेगळी आहे: तळे, ठिबकच्या नळ्या, दोन वर्षांपूर्वी लावलेली पेरूची झाडे, हे सगळे उद्या कोणाच्या हिश्श्यात जाईल हे त्यांना ठाऊक नाही.

गेल्या दिवाळीत सगळे एकत्र जमलो असताना त्यांनी फराळाची ताटे उचलल्यावर हा विषय स्वतःच काढला. बटवारा करून हिस्से मोजून द्या. दादाच्या हिश्श्यात माझे नाव घाला. आणि बाकीच्यांना विकायचे नसेल तर त्यांचे हिस्से दहा वर्षांच्या लेखी कराराने मला कसायला द्या, खंड मी बाजारभावाने देईन. पुण्याच्या काकांनी, आधी रस्त्याकडच्या तुकड्याची किंमत काढून घेऊ, मग बघू, असे म्हटले. माझ्या भावाने वकिलाला विचारतो म्हटले. मी माझ्या संमतीचा कागद त्याच आठवड्यात करून दिला, पण एका सहीने बटवारा होत नाही. परवा शेतावर गेले तेव्हा वहिनी सोयाबीनचे घरचे बियाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण मोजत होत्या. शंभरात सत्तर उगवले तर पेरायचे, असा नियम आहे. मोजता मोजता म्हणाल्या, "वन्सं, बटाट्याच्या बेण्याची आगाऊ रक्कम सप्टेंबरात भरावी लागते. तोवर कागद झाले तर वीस बिघे बटाटा आणि लसूण. नाही झाले तर सगळीकडे गहू टाकते आणि मुलीकडे भोपाळला जाते. गव्हाला काय, हार्वेस्टर येतो नि काढून जातो. त्याला मी कशाला हवी?"